चांदी, सिमेंट की पांढरा मसाला

तायडेबाई दातांच्या डॉक्टर होत्या आणि त्यांच्याकडे दाढ भरायला जाताना माणसाला डबा न्यावा लागे. हे मी कोणाला सांगितलं की तो हसतो. हसू दे. अकोल्यात जुन्या कापड बाजारामागे, एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता, आणि मी स्वतः ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि एक कांदा फडक्यात बांधून तो जिना चढलेलो आहे.

तेव्हा मी पन्नाशीचा होतो. मोटार वाइंडिंगचं माझं दुकान होतं. विहिरीवरची, बोअरमधली जळालेली मोटार शेतकरी घेऊन येत. मी तिच्या पोटातली जुनी तार काढून नवी भरून देई. शाळा चौथीत सुटली, पण कोणत्या मोटारीत किती वेढे घालायचे हे मला कधी कोणा इंजिनेराला विचारावं लागलं नाही. बोअरच्या मोटारीची तार तांब्याची असते, तिच्यावर प्लास्टिकचं कातडं असतं. जोड मारायचा तर टोकाचं कातडं सोलावं लागतं. बाकीचे मिस्त्री ब्लेडनं सोलत. मी दातानं सोलत असे. खालच्या उजव्या दाढेत तार धरायची, हाताला हिसका द्यायचा, तांबं मोकळं. ब्लेड शोधायला लागतो तेवढ्या वेळात माझे चार जोड होत. लोक उभे राहून पाहत आणि मला ते आवडे, खोटं कशाला बोलू.

डावीकडच्या खालच्या दोन दाढा मी आधीच उपटून बसलो होतो. दुखली की काढ, असा माझा कारभार. उजवीकडची ती तार सोलायची दाढ ठणकायला लागली तेव्हा तीही काढायलाच गेलो. बाईंनी तोंडात छोटा आरसा घातला, त्याच आरशाच्या दांडीनं दाढेवर टक् टक् केलं आणि कान तिरका केला. मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून मोटारीचं बेअरिंग ऐकतो, अगदी तसं. तिथंच मला वाटलं, ही बाई कामाची आहे.

"काढत नाई मी," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"जित्ती हाये. डावीकडे खाली काय उरलं तुमच्या? नुसती हिरडी. ही गेली तर भाकर कशानं चावसान?"

"दुधात कुस्करून खाईन."

"हे आज रागात बोलून राह्यले तुमी. उद्या दुपारी एक वाजता येजा. आणि डबा आणजा. रोज जे खाता तेच आणजा, पाहुण्यासारखं नको."

मला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पण दाढ ठणकत होती आणि दुसरा कोणी दातवाला मला माहीत नव्हता. गेलो.

बाई अंगानं बारीक, सुती साडी, वरून पांढरा कोट आणि पायात पोरांच्या कवायतीचे असतात तसे कॅनव्हासचे बूट. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असतील. दवाखान्याच्या आतल्या खोलीत एक लाकडी टेबल होतं. त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या. त्यांनी आपला डबा उघडला, मेथीची भाजी नि दोन पोळ्या. म्हणाल्या, "जेवा." आणि स्वतः जेवायला लागल्या. मध्ये मध्ये नजर वर करून माझा जबडा पाहत. मी उभ्या आयुष्यात कोणासमोर जेवायला लाजलो नव्हतो, त्या दिवशी लाजलो. घास गिळता गिळेना.

"घास उजवीकडेच फिरते तुमचा," त्या म्हणाल्या. "एकदाबी डावीकडे गेला नाई. सारं वझं त्या एका दाढेवर. ठेच्यातला शेंगदाणाबी तिनंच फोडला."

"मंग दुसरीकडे हाये काय फोडाले?"

"तेच म्हणून राह्यली मी."

मग त्यांनी खूप विचारलं. सुपारी खाता का, थंड पाणी लागतं का, झोपेत दात खाता का, धंदा कोणता. मी तारेचं सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे एवढा वेळ पाहिलं की मी पुन्हा एकदा नीट सांगितलं, त्यांना समजलं नसेल म्हणून.

तोंड धुवून आल्यावर त्यांनी कपाटातून एक वीट काढली. आम्ही सारे तिला वीटच म्हणायचो. प्लास्टरचा पांढरा ठोकळा, त्यात काढलेल्या खऱ्या दाढा रांगेनं रोवलेल्या, आणि प्रत्येक दाढेत वेगळा मसाला भरलेला. सोबत एक दाभण. बोट लावून पाहा, दाभणानं ओरखडून पाहा, कोणी रागवत नाही.

"ही चांदी," त्या म्हणायच्या. "चांदीचा चुरा नि पारा. वझं सहन करते, थुंकी लागली तरी बसते, वर्षानुवर्षं जाते. पण काळी दिसते, थंड-गरम आत पोचवते, आणि तिले बसवाले दात जास्त कोरा लागते. पारा घट्ट झाला की बसून राह्यते, पण पारा हाये हे मी लपवत नाई. पोटुशी बाई नि लहान लेकरू, याईले मी चांदी भरतच नाई. हे सिमेंट. आपल्या आपण दाताले चिकटते, दाताले औषध सोडते, हिरडीजवळच्या खाचेले लय चांगलं. पण तुमच्या शेंगदाण्यापुढे टिकणार नाई, झिजते. आणि हा पांढरा मसाला. दातासारखा दिसते, कमी कोरा लागते. पण एकेक थर लावून निळ्या उजेडानं पक्का करा लागते, आणि त्या वेळी थुंकीचा एक थेंब लागला की गेलं काम."

एवढं बोलून बाई उठायच्या आणि खिडकीतल्या बेसिनकडे तोंड करून हात धुवायच्या. साबण लावून, नखं घासून, दोन-दोन मिनिटं. मला वाटलं स्वच्छतेची आवड असेल. नंतर कळलं ते वेगळंच होतं. आपलं तोंड पाहून माणसानं निवडू नये म्हणून त्या पाठ करत. कोणत्या मसाल्याचे किती पैसे, तो बोर्ड खाली जिन्याजवळच लावलेला. माडीवर पैशाचं बोलणं नाही. वर फक्त दाढ आणि तुम्ही.

मी चांदी म्हटली. धातू तो धातू. मला खुर्चीत आडवं करून, भरायला घेताना बाई म्हणाल्या,

"बरं. एक दिवस त्या बाजूनं काही चावाचं नाई. आणि तार कायमची बंद."

"तार माहा धंदा हाये, बाई."

"ब्लेड विकत भेटते."

मी हो म्हटलं. माणूस खुर्चीत आडवा पडला असला, तोंडात कापूस असला की कशालाही हो म्हणतो.

आठ दिवसांनी एक मोटार आली, शेतकरी डोक्यावर उभा, कपाशीला पाणी द्यायचं होतं. ब्लेड सापडेना. मी तार दाढेत धरली. आणि दाढेतून कानापर्यंत असा झटका गेला की हातातली तार उडाली. पुन्हा धरली. पुन्हा झटका. मी दुकान तसंच टाकून दवाखान्यात गेलो. बाकावर पाच-सहा लोक बसलेले.

"बाई, तुमच्या चांदीत करंट हाये!"

सारा बाक हसला. बाई आतून बाहेर आल्या. त्या हसल्या नाहीत. हे मला आजही आठवतं.

"मोटार चालू होती काय?"

"नाई."

"तार कशाले जोडेल होती?"

"कशालेच नाई. सुटी होती हातात."

"मंग करंट कोठून आला?"

बाई दाराला टेकल्या. "मिस्त्री, तुमी सांगा मले. सेल कसा बनते?"

आता हे काय विचारणं झालं. "दोन वेगळे धातू घ्या," मी म्हटलं, "मधात खारं पाणी..." आणि तिथंच माझी जीभ थांबली. एक धातू माझ्या दाढेत, दुसरा माझ्या हातात, आणि मध्ये माझीच थुंकी. तीस वर्षं विजेत काढलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडाचा सेल करून ठेवला होता आणि तक्रार घेऊन डॉक्टरकडे आला होता.

बाक पुन्हा हसला. एक जण म्हणाला, "मिस्त्री, बल्ब लावून पाहा ना!" मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

बाई म्हणाल्या, "अर्धी चूक माही हाये. तार सोडा म्हटलं, काहून सोडा ते सांगतलं नाई. तुमाले सांगतलं असतं तर पटलं असतं." त्या दिवसापासून कोणी वायरमन, मोटारवाला, घड्याळवाला आला की चांदी दाखवताना त्या हे सांगायच्या. माझं नाव न घेता सांगायच्या. मी मात्र शेजारी असलो तर म्हणायचो, "तो मीच व्हय."

तार मी त्या दिवशी सोडली. भीतीनं नाही. कारण कळलं म्हणून.

'शेजारी असलो तर' असं म्हटलं, कारण मग मी तिथं नेहमीच असायचो. त्यांच्या खुर्चीला हवा देणारा कॉम्प्रेसर जुना होता, वर्षातून दोनदा तरी रुसायचा, आणि त्याला हात लावू देत त्या फक्त मला. मी कोपऱ्यात मोटार उघडून बसायचो आणि पलीकडे काय चाललंय ते ऐकायचो. तिथं मला बाई समजल्या.

त्या कधी कोणाला "दुखणार नाई" म्हणत नसत. "तीन मिनटं दुखते," म्हणत, आणि समोरच्या घड्याळाकडे पाहून सांगत, "एक झालं... दोन झाले..." मोठमोठे पुरुष त्या आवाजावर शांत पडून राहत. त्यांचं अक्षर औषधवाल्यालाही लागत नसे. तो चिठ्ठी घेऊन वर यायचा आणि बाई चष्मा लावून स्वतःच अडखळत वाचायच्या. आणि त्यांना सगळ्यात जास्त राग यायचा तो "तुम्हीच काय ते ठरवा डॉक्टर" या बोलण्याचा. एक कचेरीतला मोठा कारकून होता, पॅन्टला कडक इस्त्री. तो म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा मॅडम." बाई म्हणाल्या, "मले योग्य वाटते तुमी उद्यापासून पेढे सोडावे. सोडता?" तो म्हणाला, "ते सोडून बोला." "मंग निवडा," म्हणाल्या आणि बेसिनकडे वळल्या.

लोक नावं ठेवत. बाईला वेळ लय आहे, म्हणत. दुसरीकडे दहा मिनिटांत काम होतं आणि इथं आधी जेवा, मग वीट पाहा, मग बाईची पाठ पाहा. खरंच काही लोक निम्म्यातून उठून जात. बाई त्यांना थांबवत नसत. हेकट होत्या. मला हेकट माणसं कळतात.

एकदा एक माय-लेक आली. लेक लग्नाची. समोरच्या वरच्या दाताला काळा डाग. माय खुर्चीपाशी उभी राहूनच बोलायला लागली, "बाई, रविवारी पाहुणे येऊन राह्यले पोरीले पाहाले. हा डाग असा झाका की हसली तरी दिसला नाई पाह्यजे. बाकी काई नको."

बाईंनी पोरीचं तोंड पाहिलं. मागं एक दाढ होती, तिला मोठं भोक. "ही दुखते?"

पोरीनं मायकडे पाहिलं.

"तिकडे काय पाह्यते? दाढ तुह्या तोंडात हाये."

"दुखते. दोन महिने झाले. एका बाजूनं जेवते मी."

"आता माय!" आई म्हणाली. "मले नाई बोलली ते!"

"तुले सांगतलं होतं, आई. तू म्हणाली लग्न झाल्यावर पाहू."

मी मोटारीचे नट कसता कसता थांबलो. बाई पोरीला म्हणाल्या, "दिसते तो दात पाहुण्यांचा, दुखते तो तुहा. आधी कोणता?" आणि बेसिनकडे गेल्या. नळ सुरू. माय पोरीला डोळ्यांनी खुणावत होती, समोरचा, समोरचा. पोरगी म्हणाली, "मागचा." एवढं मोठ्यानं म्हणाली की नळाच्या आवाजावरून ऐकू गेलं.

त्या दिवशी मागची दाढ भरली. शनिवारी बोलावून समोरचा दात पांढऱ्या मसाल्यानं असा केला की मायलाच सापडेना डाग कुठं होता. जाताना माय कुरकुरली, "बाई, तुमी पोरीले उलट बोलाले शिकवलं." बाई म्हणाल्या, "नाई जी, तिले निवडाले शिकवलं. नवरा पाहताना कामी पडीन." माय हसली. लग्न झालं की नाही ते मला ठाऊक नाही. दाढ चांगली भरली होती, ते मी सांगू शकतो.

हे सगळं बाई का करतात, हे मी एकदा विचारलं. कॉम्प्रेसर सुरू होऊन नीट घरघरत होता, पेशंट कोणी नव्हतं, चहा आला होता. त्या म्हणाल्या,

"माहे वडील चांदूर रेल्वेच्या टेशनवर खलाशी होते, मिस्त्री. मी डॉक्टर झाली तवा पहिला पेशंट तेच. नवा मसाला शिकून आलती मी, हाच पांढरा. तवा तो आताइतका चांगला नव्हता. पण मले काय घमंड! मी त्याईले विचारलंबी नाई. भरला, आरसा दाखवला, म्हटलं पाहा बाबा, कसा राजासारखा दात केला. त्याईले लय खुशी झाली. साऱ्या टेशनवर तोंड उघडून दाखवलं."

"मंग?"

"रोज फुटाणे खात ते. ड्युटीवर खिशात फुटाणेच राह्यत. चार महिन्यात मसाला फुटला. आणि मले सांगतलं नाई त्याईनं. लेकीनं भरेल हाये, तिले वाईट वाटीन म्हणून. सहा वर्षं दुसऱ्या बाजूनं जेवले. दाढ सडली, काढाले मीच बसली तवा समजलं." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी त्याईचं जेवण रोज पाह्यत होती. एका घरात. कधी लक्ष नाई गेलं."

त्या रडल्या वगैरे नाहीत. उठून वीट पुसली आणि कपाटात ठेवली. मी घरी आलो आणि बायकोला जेवताना पाहत बसलो. ती म्हणाली, "काय झालं? मीठ जास्त पडलं काय?"

पुढं बाई अमरावतीला गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका डॉक्टरीणबाईनं तिथं दवाखाना टाकला होता, मनीषा नाव. तिनं त्यांना बोलावून घेतलं. अकोल्याच्या माडीवर कपड्यांचं गोदाम झालं. माझ्या दाढेतली चांदी मात्र ठणठणीत होती. तिच्यावर मी वीस वर्षं भाकर खाल्ली. मुगाचे वडे, शेकोटीवरचे रोडगे, उन्हाळ्यातले फुटाणे, सगळं त्याच एका दाढेनं.

दोन वर्षांमागं एका दुपारी जेवताना कट् झालं. जीभ लावली तर दाढेची आतली भिंत निघून हातात आली. चांदी तशीच बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती गाठली. इथं दातवाले काय कमी आहेत, पोरगा म्हणाला. तोवर मी पिशवी उचलली होती.

बाईंचे केस पांढरे झाले होते. बूट तेच, म्हणजे तसेच. मला पाहून म्हणाल्या, "डबा आणला काय?"

"चावता येत नाई तर डबा काय आणू?"

त्यांनी आरसा घातला. दांडीनं टक् टक् केलं. बराच वेळ पाहिलं. मनीषालाही बोलावून दाखवलं. मी तयारीनंच गेलो होतो. म्हटलं, "पुन्हा चांदी भरा. वीस वर्षं गेली, अजून वीस नेतो."

"चांदी नाई जमत आता. चांदी भोकात बसते, भिंतीले धरून नाई ठेवत. तुमच्या दाढेची एक भिंत गेली, दुसरीले तडा हाये. वरून चांदी ठोकली तर एक दिवस मधातून दोन फाका होतीन. मंग काढाच लागीन." त्यांनी आरसा ठेवला. "पांढऱ्या मसाल्यानं चिकटवून बांधा लागीन, आणि नंतर साऱ्या दाढेवरून टोपी. तरच वाचते."

"बरं. पांढरा भरा. तुमीच भरा."

"मनीषा भरीन."

मी त्या पोरीकडे पाहिलं. पोरगी कसली, तिशीची डॉक्टर होती. तरी मी म्हटलं, "मी अकोल्याहून तुमच्या हातासाठी आलो, बाई. तुमचा हात नसीन तर चांदीच भरा, तुमच्या हातानं. फुटली तर फुटली. दाढ माही हाये, निवडणार मी. तुमीच शिकवलं."

एवढी वर्षं ज्या बाईनं आपलं तोंड पाहून कोणाला निवडू दिलं नाही, त्या बाईनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आज निवड नाई, मिस्त्री."

आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं हलत होती. जोरात नाही. मोटार बंद केल्यावर पंखा शेवटी जसा बारीक हलतो, तेवढीच.

"या हातानं चांदी कशीबशी भरता आली असती. चुकली तर दाबून नीट करता येते. हा मसाला एकेक थर, श्वास धरून लावा लागते. वर्षभरापासून मी तो कोणालेच भरत नाई. आता सुईबी नाई टोचत. मी पाह्यते नि सांगते, एवढंच."

मला राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. मी खुर्चीतून उतरलो, चप्पल घातली आणि जिन्यापर्यंत गेलो. तिथं कठड्याला धरून उभा राहिलो.

आता जे लिहितो ते मी आजवर घरातही बोललो नाही. त्याच्या आदल्या वर्षी मी एका माणसाची मोटार भरली होती. डोळ्याला तेव्हा बारीक तार नीट दिसत नव्हती, वेढे बोटानं चाचपून मोजले. आठ दिवसांत मोटार जळली. तो घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, तुह्या गावची लाइनच खराब हाये, मी काय करू. तो बिचारा माझ्यासारख्या जुन्या मिस्त्रीवर विश्वास ठेवून गेला. आणि ही बाई भरल्या दवाखान्यात हात पुढं करून दाखवते.

मी परत आत आलो आणि खुर्चीत आडवा पडलो. म्हटलं, "भर माय, तू भर."

मनीषानं दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावला, आत कापूस ठेवला. बाई माझ्या डाव्या बाजूला स्टुलावर बसल्या आणि थुंकी ओढायची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. दोन हातांनी धरली की ती हलत नव्हती. पाऊण तास लागला. निळा उजेड लागायचा, थांबायचा. बाई घड्याळाकडे पाहून सेकंद मोजायच्या आणि पोरीला मधून एकदाच म्हणाल्या, "घाई नाई." पोरीचा हात मी वर पाहत होतो. चांगला हात होता. स्थिर. हे मला त्या दिवशी कबूल करायचं नव्हतं, आज करतो.

शेवटी तोंडात निळा कागद ठेवून दात टकटक करायला लावले. जिथं जास्त दाब पडतो तिथं कागदाचा रंग उतरतो. बाईंनी आरसा घातला, दाढेवरचे निळे ठिपके पाहिले, आणि मनीषाला म्हणाल्या, "इथं घास थोडं. हा माणूस चिडला की या कोपऱ्यानं चावते." मी बोलू शकत नव्हतो, जबडा बधिर होता. दोघी हसल्या. बाई हसलेल्या मी क्वचितच पाहिल्या.

पुढच्या महिन्यात टोपी बसली, तीही मनीषानंच बसवली. त्या दिवशी बाई नागपूरला गेल्या होत्या. पुढं तिकडेच राहिल्या. दाढ आज आहे. सकाळीच भाकर खाल्ली.

मसाला भरला त्या दिवशी मी निघताना दारातून मागं वळून पाहिलं. पेशंट कोणी उरलं नव्हतं. बाई स्टुलावरून उठल्या, कंबरेला हात लावला आणि मी आत्ताच उतरलो होतो त्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाय वर घेतले, बुटांसकट. मनीषानं काही न विचारता खालचं बटण पायानं दाबलं. खुर्चीची पाठ हळूहळू मागं जाऊ लागली, आणि बाईंनी डोळे मिटले.